ताप आईला, घाव वारेवर : गरोदरपणातील विषाणू संसर्ग बाळापर्यंत कसा पोहोचतो?

समजून घ्या | झिका, डेंग्यू, रुबेला, कोरोना... प्रत्येक विषाणूची वाट वेगळी. ताप आल्यावर पहिल्या दोन दिवसांत काय करायचे, हे घरातल्या सगळ्यांना माहीत हवे

थोडक्यात
- वार ही आई आणि बाळ यांच्यामधली गाळणी. बहुतेक विषाणू ती बाहेरच अडवते.
- काही विषाणू ती ओलांडतात. काही वारेलाच इजा करतात आणि बाळाचा प्राणवायू कमी पडतो.
- गरोदरपणातला प्रत्येक ताप धोक्याचा नसतो, पण तो अंगावर काढायचा नसतो.

खामगाव : पावसाळा लागला की खामगावच्या सामान्य रुग्णालयात आणि शहरातल्या खासगी दवाखान्यांत तापाच्या रुग्णांची रांग लांबते. पिंपळगाव राजा, लाखनवाडा, अटाळी अशा गावांतून आलेल्या गरोदर महिलाही त्या रांगेत असतात. 'व्हायरल आहे, तीन दिवसांत उतरेल,' असे घरचे म्हणतात. बहुतेक वेळा तो उतरतोही. पण गरोदरपणात प्रश्न फक्त आईच्या अंगातल्या तापाचा नसतो. आई आणि बाळ यांच्या मधोमध असलेल्या वारेचाही असतो.

या वारेची चर्चा राज्यात जोरात झाली ती २०२४ मध्ये. त्या वर्षी जूनमध्ये पुण्यातील एरंडवणे भागात झिकाचे रुग्ण सापडले आणि पुढे संसर्ग झालेल्यांत गरोदर महिलांची नावे वाढत गेली. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने ३ जुलै २०२४ रोजी राज्यांना सूचना दिल्या : गरोदर महिलांची झिका तपासणी करा आणि ज्यांना संसर्ग आढळेल त्यांच्या बाळाच्या वाढीवर लक्ष ठेवा. त्या वर्षी देशात झिकाचे १५१ रुग्ण नोंदले गेले. त्यातले १४० महाराष्ट्रातले होते.

पुणे खामगावपासून लांब आहे, मग इथे त्याचे काय? उत्तर आपल्या रीतीतच आहे. पुण्या-मुंबईला नांदणारी किंवा नोकरी करणारी लेक पहिल्या बाळंतपणाला माहेरी येते. सातव्या-आठव्या महिन्यात ती ट्रॅव्हल्सने खामगावला उतरते. तिला तिकडे असताना ताप येऊन गेला होता का, अंगावर पुरळ उठले होते का, हे इथल्या डॉक्टरांना कुणी सांगितलेच नाही, तर ते कळणार कसे?

वार म्हणजे नेमके काय?

वार म्हणजे गर्भाशयाच्या आतल्या भिंतीला चिकटलेला, भाकरीसारखा गोल, मांसल अवयव. दिवस पूर्ण भरतात तेव्हा तिचे वजन साधारण अर्धा किलो असते. नाळ आणि वार यांत अनेकांची गल्लत होते. नाळ ही बाळाच्या बेंबीपासून निघणारी दोरी. ती ज्या अवयवाला जोडलेली असते, ती वार. बाळ जन्मल्यावर 'वार पडली का?' असे जुन्या बायका विचारतात, ती हीच.

शरीरात इतर अवयव जन्मभरासाठी असतात. वार मात्र नऊ महिन्यांसाठीच तयार होते. तेवढ्या काळात ती बाळाचे फुप्फुस, आतडे आणि मूत्रपिंड अशी तिन्ही कामे करते. आईच्या रक्तातला प्राणवायू आणि अन्न बाळाला देते, बाळाच्या शरीरातली घाण आईच्या रक्तात सोडते. गर्भ टिकवणारी संप्रेरकेही तीच बनवते.

विशेष म्हणजे आईचे आणि बाळाचे रक्त एकमेकांत मिसळत नाही. वारेत झाडाच्या मुळांसारखे असंख्य बारीक अंकुर असतात. अंकुरांच्या आत बाळाचे रक्त फिरते आणि बाहेरून आईचे रक्त त्यांना धुऊन जाते. मध्ये असतो फक्त पेशींचा एक पातळ पडदा.

ही गाळणी विषाणूला अडवते कशी?

अंकुरांवरचा सगळ्यात बाहेरचा थर हा सुट्या पेशींचा नसतो. असंख्य पेशी एकमेकींत विरघळून त्याची एकसंध चादर झालेली असते. विटांच्या भिंतीत सांधे असतात, त्या सांध्यांतून पाणी झिरपते. ओतीव स्लॅबला सांधाच नसतो. विषाणूलाही इथे दोन पेशींमधली फट सापडत नाही. शिवाय हा थर विषाणूविरोधी रसायने सतत तयार ठेवतो.

शेवटच्या तीन महिन्यांत वार आणखी एक काम करते. आईच्या रक्तातली प्रतिपिंडे ती स्वतःहून उचलून बाळाकडे पोहोचवते. आईला पूर्वी झालेल्या आजारांविरुद्धची आणि घेतलेल्या लसींची ताकद बाळाला जन्माआधीच मिळते, ती अशी. म्हणूनच सर्दी-खोकल्याच्या साध्या विषाणूंनी आजारी पडलेल्या बहुसंख्य महिलांची बाळे ठणठणीत जन्मतात.

मग संसर्ग बाळापर्यंत जातो तरी कसा?

बाळाला त्रास होण्याच्या चार मुख्य वाटा आहेत.

१. विषाणू वार ओलांडतो. रुबेला, झिका आणि सायटोमेगॅलो हे यातले ठळक विषाणू. वारेत बाळाच्या बाजूला काही संरक्षक पेशी असतात. झिकाचा विषाणू त्यांच्यातच शिरून वाढतो. पहारेकऱ्याच्याच खोलीत चोराने मुक्काम ठोकावा, तसा.

२. विषाणू वारेलाच इजा करतो. विषाणू बाळापर्यंत पोहोचतही नाही, पण वारेला सूज येते, अंकुरांभोवती गुठळ्यांसारखा थर साचतो, रक्ताची ये-जा मंदावते. बाळाचे वजन वाढत नाही, दिवस भरण्याआधी कळा येतात किंवा बाळ पोटातच दगावते.

३. आईच्या आजाराचा फटका बसतो. खूप ताप, रक्तातला प्राणवायू घटणे, रक्तदाब कोसळणे, प्लेटलेट कमी होणे. वार शाबूत असली तरी तिला मिळणारे रक्तच अपुरे पडते.

४. बाळंतपणात संसर्ग होतो. हेपेटायटिस बी आणि एचआयव्ही यांना वार बऱ्याच अंशी रोखते. प्रसूतीच्या वेळी बाळाचा आईच्या रक्ताशी थेट संबंध येतो, तेव्हा धोका वाढतो.

ससूनमधील नोंद काय सांगते?

कोरोनाच्या पहिल्या लाटेत 'आईकडून पोटातल्या बाळाला कोरोना होतो का?' हा प्रश्न जगभर विचारला जात होता. जुलै २०२० मध्ये पुण्याच्या ससून सर्वसाधारण रुग्णालयाने अशी एक घटना जाहीर केली. वारेतून बाळाला संसर्ग झाल्याची देशातली ही पहिली नोंद असल्याचे रुग्णालयाने सांगितले.

त्या मातेला प्रसूतीच्या आठवडाभर आधी ताप आला होता. तिच्या नाकातला नमुना निगेटिव्ह आला. मात्र बाळाच्या नाकातला नमुना, नाळ आणि वार या तिन्हींत विषाणू सापडला. जन्मानंतर दोन-तीन दिवसांत बाळाची प्रकृती गंभीर झाली. बालरोग विभागप्रमुख डॉ. आरती किणीकर यांच्या पथकाने उपचार केले आणि सुमारे दोन आठवड्यांनी बाळ बरे झाले. माय-लेकरू दोघेही घरी गेले.

अशा घटना थोड्याच होत्या. जास्त दिसली ती दुसरी वाट, म्हणजे वारेलाच होणारी इजा. मृत जन्मलेल्या किंवा जन्मताच दगावलेल्या ६८ बाळांच्या वारेचा १२ देशांतील डॉक्टरांनी अभ्यास केला. तो २०२२ मध्ये प्रसिद्ध झाला. या सर्वांच्या मातांना कोरोना होता. त्या वारेचा सरासरी तीन चतुर्थांशाहून अधिक भाग निकामी झालेला आढळला. बाळे गेली ती मुख्यतः प्राणवायू न मिळाल्याने. यातल्या एकाही मातेचे लसीकरण झालेले नव्हते.

महाराष्ट्रात मुंबईच्या नायर रुग्णालयात कोरोनाबाधित गरोदर महिलांची स्वतंत्र नोंदवही ठेवण्यात आली. परळच्या राष्ट्रीय प्रजनन व बाल आरोग्य संशोधन संस्थेचा त्यात पुढाकार होता. दुसऱ्या लाटेत गरोदर महिलांना कोरोनाचा त्रास पहिल्या लाटेपेक्षा जास्त झाल्याचे या अभ्यासांतून पुढे आले. २ जुलै २०२१ रोजी केंद्राने गरोदर महिलांच्या कोरोना लसीकरणाला परवानगी दिली.

कोणता विषाणू काय करतो?

रुबेला : आईला फक्त बारीक पुरळ आणि हलका ताप. बाळाला मात्र मोतीबिंदू, बहिरेपण, हृदयाचे दोष होऊ शकतात. १९४१ मध्ये ऑस्ट्रेलियातील नेत्रतज्ज्ञ नॉर्मन ग्रेग यांनी बाळांच्या मोतीबिंदूचा आणि मातांच्या रुबेलाचा संबंध प्रथम जोडला. पहिल्या तीन महिन्यांत संसर्ग झाल्यास धोका सर्वाधिक.

झिका : डेंग्यूच्याच एडिस डासातून पसरतो, शरीरसंबंधातूनही जातो. अनेकांना लक्षणेच नसतात. बाळाचे डोके लहान राहणे, मेंदू आणि डोळ्यांचे दोष हे त्याचे परिणाम. जागतिक आरोग्य संघटनेच्या माहितीनुसार संसर्ग झालेल्या मातांच्या ५ ते १५ टक्के बाळांत असे परिणाम दिसतात. म्हणजे बहुतेक बाळे सुखरूप असतात, पण सोनोग्राफीची पाळत आवश्यक असते. महाराष्ट्रातला पहिला रुग्ण जुलै २०२१ मध्ये पुरंदर तालुक्यातील बेलसर गावात सापडला होता. झिका फक्त मोठ्या शहराचा आजार नाही, हे तेव्हाच दिसले.

डेंग्यू : गर्भात व्यंग निर्माण करण्यासाठी हा ओळखला जात नाही. धोका आहे तो रक्तस्रावाचा, गर्भपाताचा आणि अकाली प्रसूतीचा. प्लेटलेट कमी असतानाच कळा सुरू झाल्या तर रक्तपेढीची सोय असलेले रुग्णालय गाठावे लागते.

चिकुनगुनिया : प्रसूतीच्या आसपास आईच्या रक्तात विषाणू असेल तर बाळाला संसर्ग होण्याची शक्यता मोठी. अशा बाळाला जन्मानंतर काही दिवसांनी ताप, झटके किंवा मेंदूला सूज येऊ शकते.

हेपेटायटिस ई : दूषित पाण्यातून होणारी कावीळ. इतरांना ती बहुधा आपोआप बरी होते. शेवटच्या तीन महिन्यांतल्या गरोदर महिलांत मात्र मृत्यूचे प्रमाण २० ते २५ टक्क्यांपर्यंत जाऊ शकते. २०१२ मध्ये इचलकरंजीत याच काविळीची मोठी साथ आली होती. गरोदर महिलेला कावीळ झाली की गावठी औषध, माळ, उतारा यांत एक दिवसही घालवू नये.

सायटोमेगॅलो : नाव अनोळखी, पण विषाणू घरोघरी. लहान मुलांच्या लाळेतून आणि लघवीतून पसरतो. बाळाच्या जन्मजात बहिरेपणाचे हे एक मोठे कारण. मोठ्या मुलाचे शेंबूड-लाळ पुसल्यावर साबणाने हात धुणे, त्याचा उष्टा घास न खाणे, हा त्यावरचा साधा उपाय.

फ्लू : विषाणू सहसा वार ओलांडत नाही. पण गरोदरपणात फुप्फुसांवर आधीच ताण असतो, त्यामुळे न्यूमोनिया लवकर होतो.

कोणत्या महिन्यात धोका जास्त?

- पहिले तीन महिने : बाळाचे अवयव घडत असतात. व्यंगाचा धोका या काळात सर्वाधिक. अनेकदा दिवस गेल्याचे कळलेलेही नसते.
- चौथा ते सहावा महिना : मेंदूची वाढ जोरात असते. १८ ते २० आठवड्यांची सोनोग्राफी याच काळात करायची असते.
- शेवटचे तीन महिने : वार मोठी झालेली असते आणि काही विषाणू आता अधिक सहज पलीकडे जातात. तरी अवयव घडून झालेले असल्याने व्यंग कमी. अकाली प्रसूती, कमी वजन आणि प्रसूतीवेळचा संसर्ग हे मुख्य धोके.

ताप आला तर काय करावे?

- पहिल्याच दिवशी आशाताई, आरोग्य सेविका किंवा डॉक्टरांना कळवावे. तापासोबत पुरळ, डोळे लाल होणे किंवा सांधेदुखी असेल तर ते आवर्जून सांगावे.
- मागच्या काही आठवड्यांत कुठे राहिलो, कुठे प्रवास केला, नवऱ्याला ताप आला होता का, हेही सांगावे. माता-बाल संरक्षण कार्ड सोबत न्यावे.
- तापासाठी डॉक्टरांनी सांगितलेल्या मात्रेत पॅरासिटामॉल चालते. मेडिकलमधून मनाने आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक, अॅस्पिरिन घेऊ नये. डेंग्यूत त्यामुळे रक्तस्राव वाढू शकतो.
- रक्तदाबासाठी डॉक्टरांनी आधीच अॅस्पिरिन दिली असेल तर ती स्वतःहून बंद न करता डॉक्टरांना विचारावे.
- झिकाचा संशय असेल तर रक्त आणि लघवीचा नमुना पहिल्या आठवड्यातच द्यावा. नंतर विषाणू सापडणे अवघड होते.
- दर महिन्याच्या ९ तारखेला प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात सरकारी रुग्णालयांत मोफत तपासणी होते. ताप येऊन गेला असेल तर त्या दिवशी तो सांगावा.

लगेच रुग्णालय गाठावे अशी लक्षणे

बाळाची हालचाल नेहमीपेक्षा कमी वाटणे, अंगावर रक्त जाणे, पाणी जाणे, सतत उलट्या, पोटात जोराचे दुखणे, धाप लागणे, डोळे किंवा लघवी पिवळी होणे, झटके येणे. यातले एकही लक्षण दिसले तर सकाळची वाट पाहू नये. १०८ क्रमांकावर फोन करावा. खामगावहून अकोला साधारण ५० किलोमीटर आहे. तिथे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आणि जिल्हा स्त्री रुग्णालय आहे. कुठे न्यायचे हे डॉक्टर ठरवतील, पण गाडी, पैसे आणि सोबतची व्यक्ती यांची तयारी आठव्या महिन्यातच झालेली असावी.

घरात काय करता येईल?

बुलढाणा जिल्ह्यात अनेक ठिकाणी नळाला रोज पाणी येत नाही. त्यामुळे ड्रम, टाक्या, रांजण भरून ठेवावेच लागतात. एडिस डासाला हेच स्वच्छ साठलेले पाणी हवे असते. अंड्यापासून डास व्हायला साधारण आठ-दहा दिवस लागतात. म्हणून आठवड्यातून एक दिवस कोरडा पाळायचा. भांडे नुसते रिकामे करून भागत नाही. अंडी कडेला चिकटून कोरडीच महिनोन्‌महिने टिकतात. कडा आतून घासायला हव्यात. जे रिकामे करता येत नाही, ते घट्ट झाकावे. कूलरची टाकी आणि फ्रीजमागचा ट्रे विसरू नये.

हा डास दिवसा चावतो. त्यामुळे दुपारी झोपतानाही मच्छरदाणी लावावी. पिण्याचे पाणी उकळून किंवा क्लोरिन टाकून घ्यावे. पतीला झिका झाला असेल तर संपूर्ण गरोदरपणात निरोध वापरावा.

लस कोणती, कधी?

रुबेलाची लस गरोदरपणात देत नाहीत. ती आधीच घ्यायची आणि त्यानंतर किमान एक महिना दिवस जाऊ द्यायचे नाहीत. राज्यात नोव्हेंबर २०१८ मध्ये ९ महिने ते १५ वर्षे वयाच्या मुलांसाठी गोवर-रुबेला मोहीम झाली. त्या वेळी शाळेत असलेल्या अनेक मुली आता विशीत आहेत. त्याहून मोठ्या महिलांना ही लस मिळाली असेलच असे नाही. लग्न ठरल्यावर डॉक्टरांना हे एकदा विचारून घेणे सोपे आहे.

फ्लूची निष्क्रिय विषाणूची लस गरोदरपणात घेता येते. ती बाळालाही पहिले काही महिने संरक्षण देते. हेपेटायटिस बी आणि एचआयव्हीची तपासणी पहिल्याच भेटीत करून घ्यावी. एचआयव्हीसाठी मातेला नियमित औषधे दिली तर बाळ बहुतांश वेळा संसर्गमुक्त राहते. हेपेटायटिस बी ची लस बाळाला जन्मानंतर २४ तासांच्या आत मिळायला हवी.

वारेची तपासणी का मागावी?

पोटातच बाळ दगावले, खूप लवकर प्रसूती झाली किंवा बाळ अगदीच कमी वजनाचे जन्मले, तर कारण शोधायला वार मोठा पुरावा ठरते. प्रयोगशाळेत तिचे काप सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले की संसर्ग होता, रक्तपुरवठा अडला होता की आणखी काही, हे अनेकदा कळते. पण प्रसूतीनंतर वार रुग्णालयाच्या जैव कचऱ्यात जाते आणि घरी प्रसूती झाली तर पुरली जाते. त्यामुळे असा प्रसंग ओढवल्यास नातेवाइकांनी 'वार तपासणीला पाठवता येईल का?' असे डॉक्टरांना लगेच विचारावे. नमुना योग्य द्रावणात ठेवावा लागतो, तो दुसऱ्या दिवशी मागून मिळत नाही.

या अहवालाचा उपयोग पुढच्या गरोदरपणात होतोच. त्याहून मोठा उपयोग घरात होतो. बाळ गेले की बोट सुनेकडे जाते. ग्रहण पाळले नाही, पपई खाल्ली, जड उचलले, पायगुण चांगला नाही. डासाने सोडलेला किंवा पाण्यातून आलेला विषाणू कुणाला दिसत नाही, म्हणून दोष दिसणाऱ्या बाईला मिळतो. वारेवरची इजा मात्र सूक्ष्मदर्शकाखाली स्पष्ट दिसते, आणि तिच्यात ग्रहणाचा किंवा पायगुणाचा भाग नसतो. म्हणून ताप आलेल्या गरोदर महिलेला वेळेत दवाखान्यात नेणे आणि घरातली टाकी आठवड्याला घासणे ही तिच्या एकटीची जबाबदारी नाही. ती नवऱ्याची, सासू-सासऱ्यांची आणि माहेरच्यांचीही आहे.

*(ही माहिती जनजागृतीसाठी आहे. उपचार आणि औषधे डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्यावीत.)*